कपाळपट्ट्यावरची गिटार

मावलाई, शिलाँग
६ सप्टेंबर १९८६

प्रिय मामा,

बाजाराहून परतणाऱ्या बाह किन्साईंच्या पाठीवरच्या खोहाच्या टोपलीत, मिठाच्या वर, जुन्या रजईत गुंडाळून जे आलं आहे ते बेस गिटार आहे. घाबरू नका. तुमच्या दुइताऱ्यासारख्याच हिलाही चार तारा असतात, फक्त आवाज खालचा आणि जाड. तुमच्या बहिणीला, माझ्या मेईला सांगा, चावत नाही.

आमच्या चौघींच्या बँडबद्दल मी घरी आले होते तेव्हा सांगितलं होतं. कॉंग फिदालिया गाते आणि उरलेल्या तिघींना धाकात ठेवते. इतके दिवस मी तिच्या भावाची मोठी गिटार वाजवत होते. माझे हात मेईचेच, आखूड. पहिल्या पडद्यापर्यंत बोट न्यायचं तर खांदा निखळतोय असं वाटायचं. आता भाऊ ती गिटार घेऊन आयझॉलला गेला, आणि फिदालियाच्या मावशीकडे भिंतीवर टांगलेली ही आखूड मानेची मला मिळाली. मामा, हिच्यावर माझी बोटं सगळीकडे पोचतात! पहिल्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते.

पण हिला एक खोड आहे. उभं राहून अंगावर अडकवली की हिचं डोकं जमिनीकडे जातं. डावा हात तिला उचलून धरण्यातच गुंततो, मग तारा कोणी दाबायच्या? बसून वाजवते म्हटलं, तर फिदालिया म्हणाली, "बसायचं असेल तर प्रेक्षकांत बस, तिथे खुर्च्या आहेत." एक नोव्हेंबरला, शनिवारी, मोठ्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम आहे. तोवर मला हिला घेऊन उभं राहता आलं नाही, तर माझ्या जागी ती जायावच्या बांशानला बोलावणार आहे. आणि एकदा तो आला की माझी जागा गेलीच.

तुम्ही लटकलेलं दार नुसतं पाहून बिजागरी कुठे हवी ते सांगता. हिचं डोकं वर राहील असं काहीतरी करा. पट्टाही गुळगुळीत आहे, सरकतो. जुन्या तारा गंजल्या आहेत. नव्या चार सोबत आहेत, एकाने कलकत्त्याहून आणून दिल्या; इथे दुसऱ्या मिळणार नाहीत. त्या मोठ्या गिटारच्या आहेत, म्हणून लांबीला कापाव्या लागतील.

मेईच्या गुडघ्यांना तेल लावत जा. ती स्वतः लावणार नाही.

तुमची,
दारिशा


नोंगस्तेंग, सोहराखाली
१७ सप्टेंबर

प्रिय दारिशा,

गिटार पोचली. किन्साईने तिच्यावर सुक्या माशांची टोपली ठेवली होती. रजई धुतली, गिटारीला उन्हात ठेवलं, तरी वास आहेच. तिथे लोक काय म्हणतील?

पहिली काळजी अशी की हिच्यात वीज आहे का? मागचं झाकण उघडलं तर आत लाल-काळ्या बारीक तारा दिसल्या. मी लगेच बंद केलं. आपल्या गावात वीज नाही हे खरं, पण शिलाँगहून निघताना आत थोडी राहून गेली असेल तर? तुझी मेई तिच्याजवळून जाताना भिंतीला चिकटून जाते, आणि भित्रा मलाच म्हणते.

दुसरी काळजी आवाजाची. जुन्या तारा छेडून पाहिल्या. डास कानाशी येतो तेवढाही आवाज नाही. माझ्या हातून काही तुटलं का? दुइताऱ्याला पोट असतं, पोटावर कातडं असतं. हिला पोटच नाही, सगळं भरीव. भरीव लाकूड गाणार कसं? की ती आधीच बिघडलेली होती आणि तू मला सांगितलं नाहीस?

डोक्याचं मात्र समजलं. मी तिला एका काठीवर आडवी ठेवून तोल पाहिला. डोक्यावरच्या चार लोखंडी खुंट्याच तिला खाली ओढतात. डोक्याचा एक कान करवतीने काढला तर भार हलका होईल. तुझं उत्तर आल्याशिवाय मी करवत लावणार नाही. पण उत्तर लवकर पाठव, कारण करवत इथे समोरच टांगलेली असते.

पट्ट्याबद्दल मला तुझा राग आला आहे. पट्टा सरकतो म्हणतेस, सरकणारच. ओझं खांद्यावर घेतं कोण? शिलाँगला राहून कपाळ विसरलीस का? मावलाईचा चढ हे धूड एका खांद्यावर घेऊन चढशील तर पाठ वाकडी होईल. मी वेताचा कपाळपट्टा विणायला घेतला आहे. मेई म्हणते, "रुंद विण. पोरीच्या कपाळावर वळ पडला तर लग्नात लोक तेच बघतील." मी म्हटलं, "लग्न कुठे ठरलंय?" तर म्हणाली, "तुझ्या पट्ट्याने ठरणारही नाही."

आणखी एक. तू धाकटी मुलगी, म्हणजे आपल्या रीतीने मेईच्या मागे हे घर तुझं. मी तुझ्या मामीच्या माघारी या चुलीपाशी परत आलो तो काही कायमचा राखणदार नव्हे. गिटार वाजवणाऱ्या मुली घरी परत येतात का, ते त्या फिदालियाला विचारून कळव.

तुझा मामा,
दोर्सिंग


मावलाई, शिलाँग
२६ सप्टेंबर

प्रिय मामा,

करवत खाली ठेवा! हे पत्र वाचायच्या आधी ठेवा!

तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. फिदालियाच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. म्हणाली, "मामांना म्हणावं, डोकं कापायचंच असेल तर आधी बांशानचं कापा, गिटारीला हात लावू नका." डोक्याचं लाकूड तारांचा ताण धरतं मामा, ते राहू द्या.

हिच्यात वीज नाही. मेईला जवळून जाऊ द्या. आणि तुमच्या हातून काही तुटलेलंही नाही. हिचा आवाज बाहेरच्या पेटीतून येतो, वायर जोडली की. नुसती छेडली तर ती अशीच पुटपुटते.

आता पट्टा. तो मला वाहायला नको, वाजवायला हवा आहे. खांद्यावरून, छातीवर तिरका. कपाळावर अडकवून वाजवायचं म्हटलं तर तारा माझ्या पाठीमागे जातील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी मागे लिहायला विसरले. तारा कापण्याआधी वाकवायच्या असतात. प्रत्येक तार खुंटीच्या जरा पुढे काटकोनात वाकवायची, आणि त्या वाकाच्या पलीकडे कापायची. आतल्या तारेवर बाहेरून दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. आधी कापली तर ती गुंडाळी आतून सैल होते आणि तारेचा आवाज मरतो. जाड तारेचा तर नक्कीच.

घरी परतण्याचं फिदालियाला विचारलं. ती म्हणाली, "मी रोज परतते, नवरा स्वयंपाक करून ठेवतो म्हणून."

तुमची,
दारिशा


नोंगस्तेंग
२८ सप्टेंबर

प्रिय दारिशा,

वरचा रस्ता खचला आहे. बाजाराला गेलेले लोक वरच अडकले, आणि तुझं उत्तर आलेलं नाही. तुझा शनिवार जवळ येतो आहे, म्हणून मी थांबलो नाही. रस्ता मोकळा झाला की हे पत्र किन्साईबरोबर पाठवीन.

करवत लावली नाही. मला वाटलं होतं लावावी, पण ती सापडलीच नाही. मेईने तांदळाच्या डब्यामागे लपवली होती, हे काल कळलं.

मग दुसरी वाट काढली. खोह नीट भरला नाही तर मान मागे ओढली जाते. भार कमी करून उपयोग नसतो, भार कुठून टांगला आहे ते बदलावं लागतं. गिटारीचा पट्टा मानेच्या मुळाशी अडकतो. तीच जागा चुकीची. मी फणसाच्या लाकडाचं एक शिंग घडवलं, बोटभर जाड, जरा वाकडं, आणि वरच्या अंगाला आतून लाकडी खुंट्या मारून बसवलं. आता पट्टा त्या शिंगाच्या टोकाला अडकतो, डोक्याकडे सरकून. खिळा एकही मारलेला नाही. रंग मात्र जुळत नाही. बाकी गिटार लाल आणि शिंग पिवळं. मेई म्हणते म्हशीसारखं दिसतं. तसं दिसतं का? पुसून टाकता येत नाही, पण रंग लावता येईल.

कपाळपट्टाही विणून झाला. दोन्ही टोकांना दोरी आहे, ती अडकव.

तारा चढवल्या. दुइताऱ्याला मुगा रेशमाची तार आपण आधी मापाने कापतो आणि मग गुंडाळतो, तशाच या कापल्या. पक्कड चालेना, छिन्नी ठेवून हातोडा मारावा लागला. तीन छान बसल्या. सगळ्यात जाड आहे ती टोकाला जरा केस सोडते आहे. तेवढं चालत असेल ना? जुना दोरसुद्धा टोकाला पिंजारतोच.

एक गंमत झाली. तार ओढताना गिटार हातातून निसटू नये म्हणून तिचं डोकं भिंतीच्या फळीला टेकवलं आणि खालची तार छेडली. चुलीपाशी मेई ओरडली, "कोण आलंय? दार कोण बडवतंय?" भिंत गुणगुणत होती. पातेल्यावरचं झाकण थरथरलं. मी परत छेडली. मेई म्हणाली, "पुरे, भात लागेल." पण ती हसत होती, मी पाहिलं. म्हणजे हिला पोट नाही असं नाही. ज्या घरात असेल ते घर हिचं पोट.

जाड तारेचं मात्र लगेच कळव. मला सारखं तेच दिसतं.

मामा


मावलाई
९ ऑक्टोबर

मामा,

तुमचं पत्र काल मिळालं, आणि किन्साईंनी सांगितलं की माझंही तुमच्याकडे परवाच पोचलं. म्हणजे आता तुम्हाला सगळं कळलंच आहे. केस सोडणं चालत नाही. ती तार मेली असणार.

मी चिडलेली नाही. म्हणजे होते, काल. जी गोष्ट आधी लिहायची ती मी नंतर लिहिली, आणि रस्ता खचला, त्याला तुम्ही काय करणार? फिदालियाने सगळ्या ओळखीच्या लोकांकडे विचारलं. कोणाकडे जास्तीची तार नाही. बांशानकडे आहे, पण त्याने माझ्यासाठी का द्यावी? तो म्हणाला, "तिला कशाला त्रास, मीच येतो ना वाजवायला." फिदालियाने त्याला तयार राहायला सांगितलं आहे. हे तिने मला तोंडावर सांगितलं, पाठीमागे नाही, एवढं तिचं चांगलं.

आहे तशी गिटार पाठवून द्या. आता तिला काही करू नका. तीन तारांवर काय होतं ते बघते.

दारिशा


नोंगस्तेंग
१५ ऑक्टोबर

प्रिय दारिशा,

तू काही करू नकोस लिहिलंस, आणि मी केलं. करून झाल्यावर घाबरलो. त्या क्रमाने सांगतो.

जाड तार उतरवली. वरची गुंडाळी टोकापासून बोटभर सैल झाली होती, त्याच्या पुढे नाही. खुंटीवर चढवताना मी तिला फार पीळ दिला नव्हता, भीतीच वाटत होती, म्हणून वाचली. सुटलेली बारीक तार पुन्हा मूळच्या वळणावर घट्ट बसवली, तू सांगितलंस तशी टोकाशी वाकवली, आणि वाकाच्या दोन्ही अंगांनी मुगा रेशमाने करकचून बांधली. दुइताऱ्याच्या तारेला गाठीपाशी बांधतो तशी. वरून वितळलेली लाख सोडली. रात्रभर तशीच राहू दिली, मग चढवली. आता सुटत नाही. पण आवाज कसा आहे ते मला कसं कळणार? भिंतीला लावून पाहिली. बाकीच्या तिघी बराच वेळ गुणगुणतात, ही एकदाच धप्प म्हणते आणि गप्प बसते. ते बरं की वाईट हे तूच ठरव. वाईट असेल तर मला जरा सावकाश सांग.

गिटार किन्साईबरोबर पाठवली नाही. तो परत मासे ठेवील. मी स्वतः घेऊन वर गेलो. तूच लिहिलं होतंस की पट्टा वाहायला नको, पण मला तो एकदा ओझं घेऊन पारखायचाच होता. कपाळावर घेतला आणि पायऱ्या चढलो. गुडघे दुखले, ते वेगळं. पट्टा जागचा हलला नाही. गिटार पाठीला अशी चिकटून बसली जशी काही घरचीच आहे. अर्ध्यावर पानाच्या मळ्यातल्या बायका क्वाईची पानसुपारी खात बसल्या होत्या. एक म्हणाली, "बाह दोर्सिंग, एवढा लांब मासा कुठे गावला?" दुसरी म्हणाली, "मासा नाही ग, शिंग आहे त्याला. मामा म्हैस विकायला निघाले." मला क्वाई दिली, आणि आग्रहाने थोडं बसवलं. मी म्हटलं, माझ्या भाचीची आहे, ती शिलाँगच्या मोठ्या हॉलमध्ये वाजवणार आहे. वाजवणार आहेस ना? मी सांगून बसलो आहे.

सोहराला बसच्या टपावर ठेवायला मी नाही म्हटलं. वाहक वैतागला. शेवटी त्याने ती आपल्या सीटमागे उभी केली. बस वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच होतो, आणि वळणाआड गेल्यावरही.

पट्टा खांद्यावर चालणार नसेल तर जुनाच लाव. वाईट वाटून घेणार नाही.

मामा

ता.क. मेई म्हणते, "तिला लिही, गुडघे असते तर मी आले असते." मी म्हटलं, खोहात बसवून नेतो. तर म्हणाली, "तुझ्या पाठीवर बसण्यापेक्षा बांशानला ऐकेन."


मावलाई
३ नोव्हेंबर

प्रिय मामा, प्रिय मेई,

सावकाश सांगते, पण वाईट म्हणून नाही.

गिटार आली त्या संध्याकाळी मी ती फिदालियाकडे नेली. कपाळावर घेऊन नेली, मामा. मावलाईच्या चढावर पोरं ओरडत होती, पण खांदा दुखला नाही. तिथे पट्टा खांद्यावर घेतला. कपाळासाठी विणलेला रुंद भाग बरोबर खांद्यावर आला, आणि वेताच्या खरखरीत विणीने माझ्या अंगावरच्या चौकड्यांच्या कापडाला असं धरलं की सरकायचं नावच नाही. फिदालिया म्हणाली, "हात सोड." मी सोडला. मामा, डोकं खाली गेलं नाही. जिथे होतं तिथेच राहिलं. तुमचं पिवळं शिंग वर आणि गिटार आडवी, स्थिर. फिदालिया भोवती फिरून पाहून म्हणाली, "म्हैस, पण गुणाची म्हैस."

मग वायर जोडली. जाड तार धप्प म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. फिदालियाने परत वाजवायला सांगितलं, आणि ढोलवाली सिल्बी तिच्याबरोबर वाजवायला लागली. मग फिदालिया म्हणाली, "ही तार बदलायची नाही. बाकीच्या गातात, ही पाय आपटते. लांबून नाकरा वाजतो तशी." आपल्या नाचाच्या मैदानातला तो मोठा नगारा, मेई, तसाच आवाज. पेटीतून आला तर पोटात जाणवतो.

शनिवारी मी पूर्ण कार्यक्रम उभी होते. बांशान पहिल्या रांगेत होता, मोठी गिटार मांडीवर घेऊन, काही झालंच तर म्हणून. दुसऱ्या गाण्यानंतर त्याने ती तिच्या खोळीत घातली. शेवटी मागे येऊन मला म्हणाला, "हा पट्टा कुठे मिळतो?" मी उत्तर द्यायच्या आत फिदालिया म्हणाली, "आधी एक मामा मिळव." तो म्हणाला, "मामा आहे." ती म्हणाली, "असला नाही."

तुम्ही का नाही आलात? सोहरापर्यंत तर चढून आलाच होतात.

नाताळला येते. गिटार घेऊन. परतण्याचं तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर हेच.

खुब्लेइ, दोघांचे खूप आभार.

तुमची,
दारिशा


नोंगस्तेंग
११ जानेवारी १९८७

प्रिय दारिशा,

तू नीट पोचल्याचं किन्साईने सांगितलं, पण गिटार पोचली का ते त्याने विचारलंच नाही. कळव.

तुझ्या कार्यक्रमाला का आलो नाही असं तू नाताळातही दोनदा विचारलंस आणि मी चहा प्यायला लागलो. आता लिहितो. मी समोर बसलो असतो तर तार तुटली असती. मी पाहत असलो की गोष्टी तुटतात असं मला वाटतं. मेई म्हणते हा वेडेपणा आहे. असेल. पण तार तुटली नाही, हेही बघ.

नाताळातल्या त्या संध्याकाळी तू गिटारीचं डोकं भिंतीला टेकवून वाजवलंस, तेव्हा मी पाहत होतो आणि काहीही तुटलं नाही, हेही मला लिहायला हवं. मी चुलीच्या या बाजूला बसलो होतो. पाठ भिंतीला होती, त्यामुळे मला आवाज कानाआधी पाठीत आला. पातेल्याचं झाकण थरथरलं, क्वाईच्या डब्यातला अडकित्ता वाजला. तुझी मेई भात ढवळायची थांबली. शेजारचे लोक दारात आले आणि आत यायचं विसरून तिथेच उभे राहिले. ती जाड तार वाजली की फळीत धप्प व्हायचं आणि मेईचा हात गुडघ्यावर तसाच पडायचा. तिने तेव्हापासून स्वतःहून तेल लावायला सुरुवात केली आहे. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, मला माहीत नाही.

आता काळजी. एकच आहे, खरं सांगतो, मोठी नाही. तू जिथे डोकं टेकवलंस तिथे फळीला एक खळगा पडला आहे. खुंटीचा. ती भिंत माझ्या आईच्या वेळची. मी काल रंधा घेऊन तो खळगा काढायला बसलो, लाकूड नीट सपाट करून टाकावं म्हणून. मेईने रंधा हातातून घेतला आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवला, करवतीजवळ.

म्हणाली, "काढतोस कशाला? पुढच्या वेळी आली की ती डोकं कुठे टेकवील?"

मग मी खळग्याच्या आत थोडं मेण चोळलं, कडा गुळगुळीत केल्या. तुझ्या खुंटीला ओरखडा नको.

तुझा मामा,
दोर्सिंग